रोज एक गाडी, मग रोज दोन

माझ्या नावावर एकही ट्रक नाही. तरी कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या काही फाउंड्र्यांचा, म्हणजे धातू ओतून सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांचा, माल रोज माझ्या शब्दावर पुण्याजवळच्या चाकणला नाहीतर तमिळनाडूतल्या होसूरला जातो. कंपनीला गाडी लागते, एक-दोन गाड्यांच्या मालकाला भाडं लागतं. दोघांची गाठ घालायची आणि गाडी भरल्यापासून माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पोच हातात येईपर्यंत तिचा पिच्छा सोडायचा नाही, एवढा हा धंदा. ऑफिस म्हणजे घराची पुढची खोली, दोन फोन, एक लॅपटॉप आणि भिंतीवरचा पांढरा बोर्ड.

त्याआधी मी एका फाउंड्रीत डिस्पॅचला होते. चलन करायचं, वजनकाट्याची पावती जोडायची, ई-वे बिल म्हणजे माल वाहून न्यायचा जीएसटीचा ऑनलाइन कागद काढायचा आणि दुपारी चारपासून ट्रान्सपोर्टवाल्याला ‘गाडी कुठवर आली?’ विचारत बसायचं. ‘आलीच, पुलावर आहे’ असं ठासून सांगणाऱ्याची गाडी तेव्हा कराडात टायर बदलत असायची. गाडी रात्री आठला येणार असेल तर आठच सांगणारा माणूस कंपनीला चालतो, कारण मग क्रेन आणि लोडिंगची माणसं तोवर दुसरीकडे लावता येतात. असा माणूस फार क्वचित भेटायचा. नोकरी सोडून स्वतः गाड्या लावायचं ठरवलं ते याच हिशोबावर.

तावडे हॉटेलच्या चौकात गाडीमालकांशी बोलायला गेले तेव्हा पहिल्यांदा सगळे जरा गप्पच झाले. बाई भाडं घेऊन आलीय म्हटल्यावर कुणी चहा मागवला, कुणी फोनवर बोलायचं निमित्त काढून बाजूला गेलं. एका वयस्कर मालकानं मात्र मुद्द्याचं विचारलं, ‘‘वहिनी, गाडी लावतो की. पण पैसं कोण देणार, तुम्ही का कंपनी?’’

मी म्हटलं, मी देणार. त्या दोन शब्दांची किंमत पुढे कळत गेली. ती आकड्यांत सांगते, कारण या धंद्यात नव्यानं उतरणाऱ्याला हे आकडे कुणी मांडून दाखवत नाही.

समजा चाकणच्या एका फेरीचं भाडं २० हजार ठरलं. गाडी सुटायच्या आधी मालकाला ८० टक्के ॲडव्हान्स द्यायचा, म्हणजे १६ हजार. त्यात त्याचं डिझेल, फास्टॅग, ड्रायव्हरचा भत्ता. बाकी पोच आल्यावर. कंपनी मात्र मला देणार ६० दिवसांनी. मला यात सुटणार, धरा, ८०० रुपये. रोज एक गाडी आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर कमाई २० हजार. पण ६० दिवसांच्या उधारीत ५० गाड्या होतात आणि नुसत्या ॲडव्हान्सचे ८ लाख रस्त्यावर अडकतात. हे पैसे बँकेतून वर्षाला १२ टक्क्यांनी उचलले तरी महिन्याला ८ हजार व्याज जातं. बाहेरून महिना २ टक्क्यांनी घेतले तर १६ हजार. म्हणजे २० हजारांत माझे उरले ४, आणि त्यातूनच फोनचं बिल, पेट्रोल, झेरॉक्स.

रोज दोन गाड्या केल्या की कमाई दुप्पट होते, तसे अडकलेले ८ चे १६ लाख होतात. पाहुणेमंडळी भेटली की म्हणायची, ‘काम चांगलं चाललंय, मग गाड्या वाढव की.’ त्यांना वाटायचं मी घाबरते. भाडी मिळत नव्हती असं नाही, रोज एखादं भाडं मी स्वतःच सोडत होते.

यातून मार्ग असा काढला, की काम दोन प्रकारचं केलं. जी कंपनी ३० दिवसांच्या आत पैसे देते, तिचं बिल मी माझ्या नावानं करते. ॲडव्हान्स माझा, जोखीम माझी, सुटतात तेही पूर्ण माझे. जी कंपनी ६० किंवा ९० दिवस लावते, तिचं भाडं मी एका मोठ्या ट्रान्सपोर्टकडे नेते. बिल्टी (माल वाहतुकीची पावती) त्यांची, ॲडव्हान्स त्यांचा, बिल त्यांचं. गाडी शोधून लावणं आणि पोच आणणं माझं. मला ठरलेलं कमिशन मिळतं, साधारण निम्मं. सुरुवातीला हातातलं गिऱ्हाईक दुसऱ्याला दिल्यासारखं वाटायचं. पण ज्या महिन्यात रोजची दुसरी गाडी एक रुपयाही न अडकवता निघायला लागली, त्या महिन्यापासून तो विचार मी डोक्यातून काढला.

कंपनी किती दिवसांत देते हे खरेदी विभागाला विचारून कळत नाही. ते ‘तीस दिवस’ असंच सांगतात. खरं उत्तर अकाउंट्समध्ये असतं, नाहीतर गेटवर उभ्या असलेल्या दुसऱ्या ट्रान्सपोर्टच्या माणसाकडे. ३० दिवस मोजायचे कुठून हाही प्रश्न असतोच. गाडी खाली झाल्यापासून, बिल दिल्यापासून, की बिल पास झाल्यापासून? माझ्या एका गिऱ्हाइकाकडे २५ तारखेच्या आत बिल गेलं तर त्या महिन्यात धरतात, २६ ला गेलं की पुढच्या. ही एक तारीख पाळली तरी महिनाभराची उधारी वाचते. त्यामुळे ओरिजिनल पोच वेळेवर परत येणं हे भाड्यापेक्षा कमी महत्त्वाचं नाही. ड्रायव्हर पोच डॅशबोर्डवर टाकतो, त्यावर चहा सांडतो, ती गाडी तिथूनच दुसरं भाडं घेऊन नाशिकला जाते आणि कागद तीन आठवडे फिरत राहतो. म्हणून माझा नियम आहे: पोचेचा फोटो आला की बाकीतले निम्मे, कागद हातात आला की उरलेले. यावरून मालक कुरकुरतात. पण उरलेले त्याच दिवशी मिळतात हे कळल्यावर किणी टोलनाक्यावरून दुसऱ्या गाडीवाल्याच्या हाती पोच पाठवणारेही तेच.

सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीची सरकारची उद्यम नोंदणी केली तेव्हा ती फक्त बँकेसाठी असं वाटलं होतं. मग २०२३-२४ च्या हिशोबापासून आयकरात ४३बी(एच) हे कलम लागू झालं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं कंपनीनं ठरलेल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत, भागवलं नाही, तर ते देणं ज्या वर्षी प्रत्यक्ष भागवलं त्याच वर्षी खर्चात धरता येतं. मार्च २०२४ च्या आधी ज्या अकाउंट्सवाल्यांना मी फोन करून दमायचे, त्यांच्याकडून मला फोन यायला लागले, ‘मॅडम, उद्यमचं सर्टिफिकेट पाठवा.’ लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच असते, तेव्हा ट्रान्सपोर्टच्या दरपत्रकावर पैशांच्या दिवसांची ओळ छापून सही घेतलेली दोघांनाही बरी. कायद्याचा धाक दाखवून गिऱ्हाईक टिकत नाही हेही खरं. मी फक्त बिलावर उद्यमचा नंबर ठळक छापते.

आता कामाच्या ओझ्याचं. एका गाडीमागे फोन किती होतात ते बाहेरच्याला खरं वाटणार नाही. भाडं ठरवायचा, गाडी निघाली का विचारायचा, गेटवर अडवलं म्हणून, ड्रायव्हरकडे सेफ्टी शूज नाहीत म्हणून, भरायला उशीर लागतोय म्हणून, ॲडव्हान्स जमा झाला नाही म्हणून, खेड शिवापूर ओलांडलं का म्हणून, चाकणला कंपनीत आत जायचं टोकन मिळालं का, खाली झाली का, गाडी थांबून राहिल्याचे पैसे म्हणजे हॉल्टिंग कोण देणार. मधे कंपनीचे फोन वेगळेच. रोजची एक गाडी असताना हे सगळं तोंडी चालतं. दोनच्या वर गेलं की एका गाडीच्या ड्रायव्हरला दुसऱ्या गाडीचं विचारायची वेळ येते.

मी फोन कमी करायला गेले नाही, त्यातले प्रश्न काढून टाकले. प्रत्येक गाडीचे ठरावीक फोटो येतात: काट्याची पावती, ताडपत्री बांधलेली गाडी, चाकणचं गेट टोकन, शेवटी पोच. लिहिता न येणारा ड्रायव्हरसुद्धा फोटो काढतो आणि लोकेशन टाकतो. नव्या गाडीची आरसी, इन्शुरन्स, फिटनेस आणि ड्रायव्हरचं लायसन्स मी भरायच्या आधीच एम-परिवहन ॲपवर बघून घेते, कारण माल घेऊन गाडीच गायब झाल्याच्या गोष्टी आमच्या चौकात सगळ्यांना पाठ आहेत. ड्रायव्हरांसाठी एक फोन नंबर, कंपन्यांसाठी दुसरा. आणि सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सहा या वेळांना प्रत्येक कंपनीला तिच्या गाड्या कुठे आहेत याचा मेसेज मीच पाठवते, त्यांनी विचारायच्या आत. एवढ्यानं कंपन्यांचे निम्मे फोन बंद झाले. रात्री अकरानंतर ड्रायव्हरनं फोन करायचा तो तीनच कारणांसाठी: अपघात, गाडी बंद पडली, नाहीतर पोलिसांनी, आरटीओनं किंवा जीएसटीवाल्यांनी अडवलं. ‘वहिनी, जेवलो, आता निघतो’ हे सकाळी सांगितलं तरी चालतं.

महिनाअखेरीला मात्र हे सगळे नियम ताणले जातात. ३० तारखेला प्रत्येक फाउंड्रीला महिन्याचा माल गेटबाहेर काढायचा असतो आणि प्रत्येकाला गाडी संध्याकाळी पाचलाच हवी असते. अशाच एका संध्याकाळी गोकुळ शिरगावात दहा टायर गाडी भरत होती. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, हा वजनी माल. गाडीचा हौदा अर्धा रिकामा दिसतो, पण काटा केव्हाच भरलेला असतो. डिस्पॅचचे साहेब म्हणाले, ‘‘अजून तीन बिन (मालाच्या पेट्या) चढवतो, नाहीतर उद्या तिकडची उत्पादनाची लाइन थांबेल.’’ दहा टायर गाडीला मालासकट पूर्वी २५ टनांची मर्यादा होती, ती २०१८ मध्ये २८.५ टन झाली. काट्यावर गाडी २८ च्या वर गेलीच होती. तीन बिन म्हणजे आणखी अडीच टन. ओव्हरलोड सापडला तर २० हजार दंड, शिवाय जास्तीच्या दर टनाला २ हजार, आणि जादा माल तिथंच उतरवायचा. तो दंड साहेबांना बसत नाही, गाडीमालकाला बसतो. आणि ती गाडी खंबाटकी उतरून पुढे नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाच्या उतारावर येणार. त्या उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकणारे ड्रायव्हर आहेत, ब्रेक निकामी होऊन झालेले अपघात सगळ्यांना माहीत आहेत. मी नाही म्हटलं. साहेब चिडले, पण लाइन थांबण्यापेक्षा जादा गाडी परवडते हे त्यांनाही कळत होतं. तासाभरात १४ फुटी आयशर लावली, तीन बिन तिच्यात गेले, दोन्ही गाड्या साडेनऊला सुटल्या.

त्याच रात्री दुसऱ्या कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर आदल्या रात्रीही चाकणला जाऊन आलेला होता. मालक म्हणाला, जाईल की, सवय आहे त्याला. मी ती गाडी सकाळी काढली आणि कंपनीला उशिराची वेळ आधीच कळवली. यात मोठेपणा काही नाही. झोपेत गाडी डिव्हायडरवर गेली तर पुढचे सहा महिने माझ्याकडे ना गाडी लागणार, ना भाडं.

बोर्डावर गाडी नंबर, ड्रायव्हर, कुठून कुठे, ॲडव्हान्स एवढेच रकाने आधी होते. ई-वे बिलाच्या मुदतीचा रकाना आला तो जुलै २०२१ च्या पुरात. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद झाली. गोकुळ शिरगावात भरलेल्या गाड्या नदीच्या अलीकडे, परतीचा माल घेऊन आलेल्या किणीच्या बाजूला. गाडी हलत नाही, पण ई-वे बिलाची मुदत सरतच असते. दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे चाकणला दोन दिवस, होसूरला चार. मुदत रात्री बाराला संपते आणि ती वाढवता येते संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, म्हणजे दुपारी चार ते सकाळी आठ. त्या दिवसांत रोज चारचा गजर लावून मी पोर्टलवर बसायचे, मुदतवाढीचं कारण म्हणून ‘नैसर्गिक आपत्ती’ निवडायचं, आणि एकेका गाडीची मुदत पुढे ढकलायची. ड्रायव्हरांना पाणी आणि जेवण गावकऱ्यांनी दिलं, कागद माझ्याकडे होते. २०२२ पासून तर नियम असा आहे की वैध ई-वे बिलाशिवाय गाडी पकडली गेली तर कराच्या दुप्पट दंड भरून सोडवावी लागते. आता त्या रकान्यातली तारीख लाल पेननं लिहिते.

काम वाढलं तशी हाताखाली माणूस ठेवायची वेळ आली. नेहमीची रीत अशी, की पोरगा ठेवायचा आणि त्याच्या हातात ड्रायव्हरांचा फोन द्यायचा, आपण साहेबांशी बोलायचं. मी उलटं केलं. शेजारचा बी.कॉम. झालेला मुलगा आला, त्याला बिलं, पोच आणि वसुली दिली. ड्रायव्हरचा फोन आणि भाड्याचा दर माझ्याकडेच ठेवले. ड्रायव्हर आवाज ओळखतात. ‘‘दादा, किती वाजतील खरं सांगा’’ असं मी म्हटलं की खरं सांगतात, कारण मी खोटी वेळ कंपनीला कळवत नाही हे त्यांना माहीत आहे. बिलांचं काम मात्र कुणीही शिस्तीचा माणूस करू शकतो, आणि पैसा गळतो तो तिथंच. दोन रुपये जास्त भाडं मिळवण्यात मी दिवस घालवत होते आणि एका गिऱ्हाइकाचं बिल पोचेवर शिक्का पुसट आहे म्हणून परत आलेलं टेबलाखाली पडलं होतं. त्या मुलानं पहिल्या महिन्यात अशी अडकलेली बिलं उकरून काढली, त्यात त्याचा पगार निघाला.

रस्ते किती धरायचे हा दुसरा निर्णय. कुणी जमशेदपूर विचारतं, कुणी चेन्नई, कुणी गुजरात. भाड्याचा आकडा मोठा दिसतो, पण गाडीमालक विचारतो एकच: परतीचं काय? गाडी रिकामी परत आली तर जाण्याचं भाडं कितीही असो, ते परतीचं डिझेलच खाऊन टाकतं. चाकणहून परतीला फार अडचण नाही, पुण्यातून कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे माल असतोच. होसूरला मात्र तिथला एजंट ओळखीचा लागतो. माझी त्याची अजून प्रत्यक्ष भेट नाही. दोघांचं मोडकंतोडकं हिंदी आणि फोनवरचा हिशोब, एवढ्यावर चाललंय. इथून गाडी सुटताना मी त्याला गाडी नंबर आणि पोहोचायचा दिवस कळवते, तो दोन दिवस आधीच परतीचा माल बघून ठेवतो. त्याचं कमिशन मी कधी एक दिवसही थांबवलेलं नाही. हे दोन रस्ते पक्के आहेत म्हणून बेळगाव-निपाणीकडचे मालकही आता माझ्याकडे गाड्या लावतात. त्यांना जाता-येता भाडं ठरलेलं असतं आणि कर्नाटकात डिझेल स्वस्त असेल तेव्हा टाकीही तिकडेच भरून घेता येते.

ऊस चालू झाला की गणित बदलतं. नोव्हेंबरपासून कारखाने गाड्या ओढतात, आणि त्याच काळात दराच्या आंदोलनात रस्ताही अडतो. २०२३ च्या नोव्हेंबरात शिरोलीला पुलावर महामार्ग रोखला तेव्हा माझ्या दोन गाड्या रांगेत होत्या, मी ड्रायव्हरांना झोपून घ्यायला सांगितलं आणि कंपन्यांना रांगेचा फोटो पाठवला. हंगामात भाडी चढतात म्हणून मी नवी गिऱ्हाइकं घेत नाही. दिवाळीच्या आधी जुन्या कंपन्यांशी हंगामाचा दर ठरवते, त्यातला वाढीव भाग मालकांना देते. मे महिन्यात गाड्या उभ्या असतात तेव्हा हेच मालक माझं भाडं पहिलं घेतात.

सध्या एका मोठ्या फाउंड्रीनं मध्य प्रदेशात इंदूरजवळच्या पिथमपूरसाठी महिन्याच्या गाड्यांचं विचारलंय. दर चांगला आहे. मी दोन गोष्टी कळवल्या आहेत: पैसे ३० दिवसांत, आणि चाकणसारखंच तिथंही गाडी चोवीस तासांत खाली झाली नाही तर हॉल्टिंग. खरेदीचे साहेब म्हणतात, दिवसांचं बघू. त्यांच्या अकाउंट्समधला माणूस गेटवर भेटला, तो म्हणतो ७५ दिवस लागतात. मोठ्या ट्रान्सपोर्टला विचारून ठेवलंय, त्यांची तयारी असेल तर कमिशनवर घेईन. तोवर इंदूरकडचा परतीचा एजंट शोधायचं काम त्या मुलाकडे दिलंय.